माझं झाकण उघडलं ती दुपार

मी एक रेडिओ बोलतोय. नुसता ऐकवणारा नव्हे. मी ऐकतोही आणि बोलतोही. पण सुरुवातीलाच सांगून टाकतो, मला सगळं नीट आठवतं याची मला खात्री नाही. माझ्या पोटातली मुख्य कॉइल माझी नाही. ती दुसऱ्या एका रेडिओतून काढून मला बसवलेली आहे. त्यामुळे एखादी गोष्ट आठवली की आधी धास्ती वाटते: हे माझ्याबाबतीत घडलं होतं, की त्याच्या? तेव्हा कुठे चुकलो तर समजून घ्या.

आम्ही दोघं जुळे. तुमसरात, देवाजींच्या मागच्या खोलीत, एकाच टेबलावर आमचा जन्म झाला. हिवाळा होता. शेजारच्या राइस मिलचा कोंडा उडून खिडकीच्या गजांवर बसायचा आणि देवाजी दर थोड्या वेळानं आमच्यावर फुंकर मारायचे. देवाजी आणि त्यांचे साळे श्यामराव, दोघंही फौजेत सिग्नलला होते. निवृत्तीनंतर दोघांनी हौशी रेडिओचा परवाना काढला आणि स्वतःच्या हातानं दोन सेट जुळवले. आमच्या कॉइली श्यामरावांनी गुंडाळल्या. शेतात पाणी न्यायच्या प्लास्टिकच्या पाइपाचे दोन तुकडे कापले आणि त्यांवर तांब्याची तार अशी एकाला एक चिकटून बसवली की देवाजी म्हणाले, “शाम्या, तू बाई असता तं शेवया चांगल्या केल्या असत्या.”

श्यामरावांनी हे ऐकलं नाही. त्यांना ऐकू येत नव्हतं.

तोफांच्या शेजारी बरीच वर्षं ड्यूटी झाली होती. कान हळूहळू गेले आणि निवृत्तीपर्यंत उरलेसुरलेही गेले. म्हणून त्यांच्या सेटच्या स्पीकरला जाळी लावली नाही. स्पीकरच्या कागदावर उजव्या हाताचं बोट टेकवायचं आणि मोर्सचे लहान-मोठे ठोके बोटानं वाचायचे. बोलण्याचे शब्द बोटाला कळत नाहीत, ठोके कळतात. फोनचा त्यांना काही उपयोग नव्हता. मोतीबिंदूमुळे फोनवरची बारीक अक्षरंही दिसत नसत.

सेट तयार झाले तेव्हा श्यामरावांच्या बहिणीनं, म्हणजे देवाजींच्या पत्नी रुखमिणीबाईंनी, आमच्या पाठीवर नखांच्या लाल रंगानं फोन नंबर लिहिले. माझ्या पाठीवर श्यामरावांच्या शेजाऱ्याचा, टेकचंदचा. त्याच्या पाठीवर आपल्या मुलाचा, विनोदचा. “हरवले तं कोनी आनून तं देईन,” त्या म्हणाल्या. विनोद हसला. “आई, रेडिओ का हिंडाले जाते?”

मग तो दुसरा पवनीकडे कोंढ्याला गेला, श्यामरावांच्या घरी. मी तुमसरलाच राहिलो.

श्यामराव एकटे राहत. बायको वारली होती आणि छातीचा त्रास सुरू झाला होता. तेव्हा दोघांत ठरलं: रोज दुपारी, जेवणाआधी, देवाजी मोर्सची कळ दाबून विचारणार, “आहेस?” तिकडून उत्तर येणार, “आहे,” आणि उलट तोच प्रश्न. ज्याला उत्तर मिळणार नाही त्यानं सरळ निघायचं आणि दुसऱ्याच्या घरी पोचायचं. वाट पाहायची नाही.

रुखमिणीबाईंना मोर्स येत नव्हता. पण त्या वेळी त्या हातातलं काम टाकून दारात उभ्या राहत. भाऊ कळ कशी दाबतो ते त्यांना पाठ झालं होतं. शेवटचा ठोका श्यामराव जरा लांबवत, हाक मारताना लांबवतात तसा. तो ऐकला की त्या पुन्हा चुलीकडे वळत. “आता वाढते,” एवढंच म्हणत.

माझं काम कसं चाले तेही सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझा आवाज छपरावरच्या तारेतून निघतो तो सरळ कोंढ्याला जात नाही. तो वर जातो. फार उंचावर हवेचा एक थर आहे, उन्हानं विजेसारखा भारलेला. त्यावर आपटून आवाज खाली परततो. म्हणजे आम्ही दोघं आकाशाच्या छताला चेंडू मारून बोलत होतो. त्या छताच्या खाली, अलीकडे, अजून एक पातळ थर असतो. तो आवाज परतवत नाही, गिळतो. एरवी तो थोडंसंच गिळतो, त्याचं काही वाटत नाही.

पण मी भित्रा आहे. पहिल्यापासून. विजेला भ्यायचो, पालीला भ्यायचो, लाइट गेली की भ्यायचो आणि आली की जास्त भ्यायचो. आणि रोज दुपारी “आहेस?” असं विचारल्यानंतरचा जो क्षण असतो, त्याला सगळ्यात जास्त भ्यायचो. त्या क्षणात फक्त खरखर असते. आकाशाची, दूरच्या विजांची, कोणत्या कोणत्या देशांतल्या माणसांची सरमिसळ. त्या खरखरीतून तो लांबलेला ठोका वर येईपर्यंत मला स्वतःवर भरवसा नसायचा. मी ऐकू शकतो का? आज ऐकू शकेन का?

ती दुपार अक्षय तृतीयेची होती. दोन हजार चोवीस, मे महिना. रुखमिणीबाईंनी पितरांसाठी पाण्याची घागर भरून ठेवली होती, पुरणाचा वास घरभर होता. रस्त्यावर एकामागून एक वराती. डीजेच्या दणक्यानं माझ्या टेबलाचे पाय हलत होते. देवाजी येऊन बसले, मला चालू केलं, कळ दाबली. आहेस?

काहीच नाही.

उत्तर नाही, हे तर झालंच. पण खरखरही नव्हती. मी हे कसं सांगू? भरलेल्या बाजारात उभं असावं आणि एकाएकी सगळी माणसं नाहीशी व्हावीत. परदेशांतले आवाज नाहीत, इतर हौशी लोक नाहीत, दूरच्या विजाही नाहीत. नुसता माझ्याच पोटातला बारीक गूं-गूं आवाज. मला वाटलं, मी मेलो. मग वाटलं, मी नाही, सगळं जगच मेलं. यातलं कोणतं जास्त वाईट ते तेव्हा ठरवता येईना.

देवाजींनी पुन्हा विचारलं. पुन्हा. ठोके वेडेवाकडे पडू लागले.

“अजी, काहून नाही आला आवाज?” दारातून रुखमिणीबाई.

“थांब ना जराशी.”

“भाऊ बरा आहे ना?”

“सेट बिगडला असन. आधी आपला सेट पाहा लागते.”

हा फौजेचा नियम. समोरून आवाज बंद झाला तर आधी आपला सेट तपासा, दुसऱ्याला दोष नंतर द्या. सिग्नलच्या माणसाच्या हाडात तो मुरलेला असतो. तरी देवाजींनी एक शहाणपणा केला, असं मला तेव्हा वाटलं. त्यांनी खिशातला छोटा रेडिओ काढला आणि नागपूर केंद्र लावलं. ते स्वच्छ लागलं. लोकगीत चाललं होतं.

“हे पाहा,” ते म्हणाले. “आकाशात काही झालं असतं तं हेही बंद पडलं असतं. बिघाड याच्यातच आहे.” आणि त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

नागपूर केंद्राचा आवाज दुपारी जमिनीलगत सरपटत येतो, माझ्यासारखा आकाशाला टेकून येत नाही. हे देवाजींना ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. फौजेच्या कोर्समध्ये ते शिकले होते, सूर्याबद्दलही शिकले होते. पण बायको दारात उभी होती आणि साळ्याचं उत्तर येत नव्हतं. भीतीच्या वेळी माणसाला जे फार पूर्वी शिकवलेलं असतं त्यातलं एकच काहीतरी आठवतं. त्यांना नियम आठवला.

त्यांनी माझं झाकण उघडलं.

माझं झाकण जन्मानंतर कधी उघडलं नव्हतं. ऊन थेट पोटात पडलं. सांधे जोडायची विजेवरची सोल्डरची कांडी तापू लागली, तिचा तो राळेचा वास. देवाजी एकेक सांधा दाबून बघू लागले. पुटपुटत होते, “इथं तं ठीक आहे. इथंही ठीक आहे.” मलाही तेच म्हणायचं होतं, पण मी स्वतः बोलू शकत नाही, माझ्यातून दुसरी माणसं बोलतात. आणि खरं सांगायचं तर मलाही पटू लागलं होतं की दोष माझ्यातच असणार. इतक्या खात्रीनं कोणी तुमच्या पोटात शोधत असेल तर तुम्हालाही काहीतरी सापडेल असं वाटू लागतं.

बाहेर फटाक्यांची माळ लागली. देवाजी दचकले. कांडी हातातून सुटली, घरंगळली आणि माझ्या कॉइलवर टेकली. प्लास्टिकचा पाइप तो. वितळायला असा किती वेळ लागतो? तारेचे वेढे एकमेकांवर घसरले, काळा धूर निघाला. माझा स्वतःचा जळण्याचा वास मला आला.

आता मी खरंच बिघडलो होतो.

विनोद मिलमधून जेवायला आला तेव्हा देवाजी माझ्यापुढे दोन्ही हात मांडीवर टाकून बसले होते.

“बाबा, टेकचंदभाऊले फोन लावा ना.”

“लावला. रिंग जाऊन राहिली, उचलून नाही राहिला.”

“तिजेचा दिवस आहे, वरातीत नाचून राहिला असन. थांबा, मी लावतो.” विनोदनं लावला. मलाही ती रिंग ऐकू येत होती. कोंढ्यातल्या कुठल्या तरी डीजेखाली ती वाजत असणार.

रुखमिणीबाईंनी घागरीजवळचं ताट झाकलं. “मी तं निघाली,” त्या म्हणाल्या. “तुमाले यायचं तं या.”

“आई, बाहेर ऊन पाह्यलं का?”

“माह्या भावाच्या घरी ऊन नाही का?”

विनोदची छोटी मालवाहू गाडी होती. पुढे तिघं बसले. देवाजींनी मला मांडीवर घेतलं, उघड्या पोटासकट, वरून पंचा टाकून. कॉइल गुंडाळावी तर श्यामरावांनीच, असं त्यांचं म्हणणं. तो जिवंत असेल असं मनाशी धरूनच ते मला नेत होते, हे आता माझ्या लक्षात येतं. तेव्हा मला वाटलं होतं की वाटेत कुठे फेकून द्यायला नेत आहेत.

मोहाडी गेलं, भंडारा गेलं. प्रत्येक खड्ड्याला माझे सुटलेले वेढे एकमेकांवर घासत. अड्याळच्या पुढे समोरून एक लाल एसटी आली, धुरळा उडवत गेली. विनोदनं काच वर केली. एवढंच.

कोंढ्यात श्यामरावांचं दार लोटलेलं होतं. बहिऱ्या माणसाच्या दारावर थाप मारून उपयोग नसतो, म्हणून त्यांनी घंटीच्या जागी दिवा लावला होता. बाहेर बटण दाबलं की आत लाल बल्ब लागतो. रुखमिणीबाईंनी बटण दाबलं. खिडकीतून आतली भिंत लाल झाली, विझली, पुन्हा लाल झाली. कोणी उठलं नाही. त्या दाबतच राहिल्या.

“बस कर,” देवाजी म्हणाले. “मी जातो आत.”

आत जाताना त्यांनी मला छातीशी धरलं होतं, आणि त्यांचं काळीज माझ्या पत्र्यावर ठोके देत होतं. मी ते वाचायचा प्रयत्न केला. त्यात काही अक्षरं नव्हती.

खाट रिकामी. चुलीवर भात, झाकलेला, न वाढलेला. टेबलावर एका ताटलीत स्क्रू. अगदी माझ्यासारखेच स्क्रू. सोल्डरचे मणी सांडलेले. आणि कांडी, तिचा प्लग बोर्डात तसाच, लाकडी टेबलावर तिच्याखाली एक काळी रेघ उमटत होती. सेट जागेवर नव्हता.

“यानं पन उघडला,” देवाजी खाली बसत म्हणाले. “यानं पन आपलाच सेट उघडला.”

“मंग मामा गेले कुठं?” विनोदनं विचारलं, आणि विचारता विचारताच त्याचा चेहरा उतरला. “बाबा. ते एसटी.”

ज्याला उत्तर मिळणार नाही त्यानं निघायचं. वाट पाहायची नाही. नियम दोघांचाही होता.

छाती दुखणारा, न ऐकू येणारा म्हातारा, मे महिन्याच्या दुपारी, रेडिओ पिशवीत घालून तुमसरला निघाला होता. आणि तुमसरच्या दाराला कुलूप होतं.

विनोद गाडीची चावी शोधत होता तेवढ्यात त्याचा फोन वाजला. अनोळखी नंबर. त्यानं स्पीकरवर टाकला.

“विनोद तुमचंच नाव का? मी पंचफुला बोलून राहिली, भंडाऱ्याच्या स्टँडवरून. काकड्या विकते मी इथं. तुमचा म्हातारा इथं पडला आहे, सावलीत घेतला आमी. रेडूच्या मांगं नंबर होता लाल रंगाचा.”

“बोलून राहिले का ते?”

“काहीबाही बोलून राहिले. मले म्हन्ते, माहा सेट बिगडला, भाऊजीले सांगा. मी म्हटलं, बाबा, सेट जाऊ द्या चुलीत, पानी प्या. तं आयकून नाही राहिले.”

“त्याले ऐकू येत नाही बाई,” रुखमिणीबाई फोनकडे वाकून म्हणाल्या. “त्याच्या तोंडाले पानी लावा. मी त्याची बहीन.”

“लावलं जी. तुमी या.”

श्यामराव वाचले. उन्हाचा झटका आणि त्याबरोबर अर्धांगाचा. दवाखान्यातून त्यांना थेट तुमसरला आणलं. चालता येऊ लागलं, बोलणंही बरंचसं परत आलं. उजव्या हाताची बोटं मात्र परत आली नाहीत. ती जागेवर होती, हलतही थोडी. पण त्यांना काही कळत नव्हतं.

एका संध्याकाळी देवाजींनी श्यामरावांच्या सेटमधली शाबूत कॉइल काढून माझ्यात बसवली. मी पुन्हा ऐकू लागलो. सगळं जग जागच्या जागी होतं. देवाजींनी मोठ्या उत्साहानं श्यामरावांचं बोट माझ्या स्पीकरवर टेकवलं. श्यामरावांनी ते दाबून पाहिलं. मग म्हणाले, “तुमचाही सेट मुकाच आहे, भाऊजी.”

देवाजींनी मला बंद केलं.

त्यानंतरचं सगळं मी कपाटाच्या वरच्या फळीवरून पाहिलं. रुखमिणीबाई नवऱ्यापुढे पाटी घेऊन बसल्या. “शिकवा मले.” देवाजी म्हणाले, या वयात जमणार नाही. त्या म्हणाल्या, “तुमी जमवलं ना?” पावसाळा संपेपर्यंत त्यांना अक्षरं आली. श्यामरावांचा डावा तळहात त्या मांडीवर घेतात आणि बोटानं ठोके देतात. जेवला का. औषध घेतलं का. मेल्या, ऊन आहे, बाहेर जाऊ नको. शेवटचा ठोका त्याही लांबवतात आता.

माझी गरज उरली नाही. ज्याची खबर घ्यायची तो याच घरात, माझ्या समोर बसलेला असतो. मला याचं वाईट वाटायला नको. पण वरच्या फळीवर धूळ बसते, पाल येते, आणि मला त्या दुपारची शांतता पुन्हा ऐकू येते. तीही नक्की माझी आठवण आहे, की कॉइलीबरोबर आलेली त्याची, कोण जाणे. दोघांनी एकच शांतता ऐकली होती.

घरात या गोष्टीवर कधी भांडण झालं नाही, उलटंच झालं. देवाजी म्हणत, माझा सेट बिघडला म्हणून हा प्रसंग आला. श्यामराव म्हणत, माझा. दोघंही आपल्याच अंगावर घ्यायचे, आणि ते ऐकताना मला कळायचं नाही की मी कोणाच्या बाजूनं व्हावं. त्या सणानंतर पेपरात लडाखच्या लाल झालेल्या आकाशाचा फोटो आला होता. देवाजींनी तो रुखमिणीबाईंना दाखवला, “कसं कुंकवासारखं दिसते,” म्हणाले, आणि पान उलटलं.

परवा नागपूरहून मधुकरराव आले होते. तेही हौशी रेडिओवाले, देवाजींचे जुने ओळखीचे. मला फळीवरून खाली काढलं, पुसलं, हातात घेऊन तोललं. बोलता बोलता ती दुपार निघाली. मधुकरराव हसायचे थांबले.

“त्या अक्षय तृतीयेला? देवाजी, माझाही सेट मुका झाला होता. सगळ्यांचाच. सूर्यावर स्फोट झाला होता. त्यानं आकाशातला खालचा थर सगळेच आवाज गिळून बसला.”

“नागपूर केंद्र तं लागून राहिलं होतं.”

“ते लागणारच. ते जमिनीवरून येतं. त्या रात्री लडाखचं आकाश लाल झालं होतं ना, तोही सूर्यच.”

रुखमिणीबाईंनी विचारलं, “मंग दोघांतला कोनाचा बिगडला होता?”

“कोणाचाच नाही, वहिनी.”

त्यांनी भावाचा डावा हात ओढला आणि ते त्याच्या तळहातावर वाजवलं. श्यामरावांनी पुन्हा वाजवायला सांगितलं. मग हात तसाच बहिणीच्या मांडीवर ठेवून खिडकीबाहेर, उन्हाकडे, बघत राहिले.

मी आता पुन्हा फळीवर आहे. सूर्य रोज वर येतो आणि मला रोज भीती वाटते. तो पुन्हा असं करणार, हे मधुकरराव सांगूनच गेले आहेत. माझं एवढंच मागणं आहे. समोरून उत्तर आलं नाही तर घाबरा. घाबरू नका असं मी कोणत्या तोंडानं सांगू? पण घाबरलात तरी हात थोडा वेळ मांडीवर ठेवा. लगेच स्वतःचं झाकण उघडू नका.

मधुकररावांना शंका राहू द्यायची नव्हती. जाण्याआधी त्यांनी फोनवर वेधशाळेची नोंद काढली आणि मोठ्यानं वाचली. दहा मे दोन हजार चोवीस, भारतात दुपारचे बारा वाजून गेल्यावर सूर्यावर मोठा स्फोट. उजेड असलेल्या बाजूला, आशियाभर, लघुलहरी, म्हणजे माझ्यासारख्यांचे आवाज, गिळल्या गेल्या. साधारण तासाभरात त्या परत आल्या. म्हणजे आम्ही घराला कुलूप लावून गाडीत बसलो, मी देवाजींच्या मांडीवर जळक्या कॉइलीसह आणि तो श्यामरावांच्या पिशवीत, तेव्हा आकाश पूर्ववत झालं होतं.